घरात चार छोटी कुत्री असताना प्रत्येकाच्या दातांची निगा कशी राखावी?

चौकडी, पुणे :

नमस्कार. आमच्या घरी चार छोटी कुत्री आहेत. सर्वांत थोरला गोट्या हा ९ वर्षांचा डॅशंड आहे, त्याच्या पाठोपाठ ६ वर्षांची पॉमेरेनियन ठमी, ३ वर्षांची शिह त्झू चिंगी आणि शेंडेफळ म्हणजे ७ महिन्यांची मोहरी, जी चिवावाच्या मिश्र जातीची असून वजनाने जेमतेम २ किलो आहे. गेल्या महिन्यात ठमीचे ५ दात एकाच दिवशी काढावे लागले आणि तेव्हापासून मनाला जी टोचणी लागली आहे, तिच्यापायी हा प्रश्न विचारत आहे.

आमचे कुठे चुकले ते सांगते. घरात वास येत होता, हे मला मान्य आहे. पण चार कुत्र्यांच्या घरात वास नेमका कोणाच्या तोंडाचा आहे हे कळत नाही आणि कळत नाही म्हणून त्याला ‘कुत्र्यांचा वास’ म्हणून सोडून दिले जाते. ठमी नियमित जेवत होती, खेळत होती. ती कोरडे दाणे न चावता गिळते, हे माझ्या लक्षात आले होते. परंतु गोट्या येऊन आपल्या ताटलीत तोंड घालील या धास्तीने ती घाई करत असावी, असा मी समज करून घेतला. दोरीच्या खेळण्यावर दोनदा रक्ताचा डाग दिसला, तेव्हा मोहरीचे दुधाचे दात पडत असतील असे म्हणून विषय संपवला. पुढे एके सकाळी ठमीच्या उजव्या डोळ्याखाली बोराएवढी सूज आली. गांधीलमाशी चावली असावी असे वाटून औषध दिले, सूज उतरली आणि तीन आठवड्यांनी पुन्हा त्याच जागी आली. दुसऱ्या पशुवैद्यांनी दातांचा एक्स-रे काढला, तेव्हा वरच्या मोठ्या दाढेच्या मुळाशी पू साठल्याचे कळले.

यात अधिक वाईट याचे वाटते, की आम्ही अगदीच हात बांधून बसलो नव्हतो. दर रविवारी चौघांचे दात घासत होतो आणि केस कापायला जिथे नेतो, तिथे गेली दोन वर्षे भूल न देता दातांवरचे किटण खरवडूनही घेत होतो. दात पांढरेशुभ्र दिसत, म्हणून आम्ही निश्चिंत होतो.

आता माझ्या अडचणी अशा आहेत. नोकरी सांभाळून चौघांचे दात रोज घासणे खरोखर जमते का आणि जमत असेल तर कसे? चघळायच्या कांड्या दिल्या की हमखास भांडणे होतात, त्याला उपाय काय? गोट्याच्या हृदयात मर्मर, म्हणजे ठोक्यांबरोबर येणारा जादा आवाज, असल्याचे सांगितले आहे, तर त्याला भूल देऊन दात स्वच्छ करून घ्यावेत की नाही? शिवाय मोहरीच्या वरच्या दोन्ही सुळ्यांशेजारी दुधाचे सुळे अजून तसेच उभे आहेत, ते आपोआप पडतील का? ज्यांच्या घरी एकाहून अधिक छोटी कुत्री आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.


पाचामुखी, नाशिक :

ताई, माझ्या घरी पाच आहेत, त्यांतील तीन शिह त्झू, एक पग आणि एक मिनिएचर पिंशर, आणि पाचांचे दात रोज घासले जातात, म्हणून हा उत्तराचा अधिकार घेतो. सुरुवातीला मीही तुमच्यासारखा रविवारी सगळ्यांना धरून बसत असे. एक तास जाई, शेवटचे दोघे पलंगाखाली जाऊन बसत आणि माझ्या पँटवर पेस्टचे डाग पडत. रविवारचा कार्यक्रम म्हणजे कुत्र्यांच्या दृष्टीने आठवड्यातून एकदा येणारे संकट असते. रोजचे अर्धे मिनिट ही त्यांना सवय वाटते.

आमच्याकडे ही वेळ रात्रीच्या जेवणाच्या आधीची आहे. भांडी वाढून ओट्यावर ठेवलेली असतात, पाचही जण चटईवर बसलेले असतात आणि ज्याचे दात घासून झाले, त्याचे भांडे खाली येते. क्रम कधीही बदलत नाही. सर्वांत समजूतदार पहिला, सर्वांत कटकट्या शेवटून दुसरा आणि शेवटी पुन्हा एक शांत, म्हणजे आपला हात आणि डोके दोन्ही ताळ्यावर राहतात. क्रम पक्का असल्याचा लाभ असा, की दुसऱ्या आठवड्यापासून ते स्वतःच आपापल्या पाळीला पुढे येऊ लागले. जेवणाची ओढ एवढी असते, की ब्रश हा भांड्याकडे जाण्याचा रस्ता होऊन बसतो.

प्रत्यक्ष कृती सांगतो. धुलाई यंत्रावर जाडसर टॉवेल अंथरावा, म्हणजे कंबर वाकवावी लागत नाही आणि कुत्र्याचे पाय घसरत नाहीत. डॅशंडला मात्र उंचावर ठेवू नका. त्याची पाठ जपायची असते, त्याला जमिनीवर बसवून आपणच खाली बसावे. कुत्र्याची पाठ आपल्या पोटाला टेकलेली असावी, समोरासमोर उभे राहून तोंडावर ओणवे होऊ नये. तोंड उघडायची गरज नसते. डाव्या हाताचा अंगठा ओठाखाली सरकवून गाल हलकेच मागे ओढावा, ब्रश दात आणि हिरडी जिथे मिळतात तिथे तिरका टेकवावा आणि लहान लहान गोल फिरवावा. सगळे लक्ष बाहेरच्या बाजूवर द्यावे, विशेषतः वरच्या मागच्या मोठ्या दाढेवर, कारण लाळेची एक नळी तिच्याजवळच उघडते आणि किटण सर्वांत आधी तिथे चढते. आतली बाजू जीभ बऱ्यापैकी स्वच्छ ठेवते, त्यासाठी झटापट करू नये.

ज्याने ब्रश कधी पाहिलाच नाही, त्याच्याशी घाई करू नका. पहिले चार-पाच दिवस नुसते बोटावरची पेस्ट चाटू द्यावी, मग बोटाला मलमलचा तुकडा गुंडाळून पुढचे दात पुसावेत, मग मागे सरकावे आणि ब्रश सर्वांत शेवटी आणावा. माझ्या पगला या प्रवासाला सव्वा महिना लागला. तान्ह्या मुलांचा मऊ ब्रश छोट्या तोंडाला उत्तम बसतो. मोहरीला तर त्याहून मोठा चालणारच नाही. प्रत्येकाचा ब्रश वेगळा ठेवावा. मी दांड्यांना रंगीत दोरे बांधले आहेत आणि तीन महिन्यांनी सगळे ब्रश बदलतो.

पेस्ट मात्र कुत्र्यांसाठीचीच आणावी. आपल्या पेस्टमधले फेसाचे द्रव्य आणि फ्लोराईड त्यांच्या पोटात जाते, कारण त्यांना चूळ भरता येत नाही. आणि काही पेस्टमध्ये झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ असतो, जो कुत्र्यांना अक्षरशः विष आहे. त्याने रक्तातील साखर झपाट्याने उतरते आणि यकृतालाही इजा होऊ शकते. मीठ, हळद, राखुंडी, लवंगेचे तेल यांचे सल्ले तुम्हाला सोसायटीच्या फाटकापासून लिफ्टपर्यंत मिळतील. ते हसून ऐकावेत आणि विसरावेत.

अखेरची गोष्ट, जी माझ्या मते एकाहून अधिक कुत्री असलेल्या घरात ब्रशपेक्षाही महत्त्वाची आहे. फ्रिजच्या दारावर चार रकाने आखलेला कागद लावा आणि दर महिन्याच्या एक तारखेला प्रत्येकाला एकेकट्याने वेगळ्या खोलीत नेऊन, दार लावून, तोंडाचा वास घ्या, दोन्ही बाजूंचे ओठ उचलून पाहा आणि एक ओळ लिहा. चौघे एकत्र असताना तुम्ही घर पाहत असता, कुत्रा पाहत नसता. माझ्याकडे जो सर्वांत शांत होता आणि कधी काही मागत नसे, त्याच्याच दोन दाढा हलत होत्या.


जनावरांचा डॉक्टर, सातारा :

वरील उत्तर इतके व्यवस्थित आहे, की ब्रशविषयी मला काही वाढवायचे नाही. मी वैद्यकीय बाजू तेवढी मांडतो. माझी बहुतेक कारकीर्द गाई-म्हशींत गेली आणि छोट्या जातींची कुत्री माझ्याकडे उशिरा येऊ लागली. पण त्यांची तोंडे पाहून जे शिकलो, ते सांगतो.

कुत्र्याला ४२ कायमचे दात असतात आणि ही संख्या ग्रेट डेनला जेवढी, तेवढीच तुमच्या २ किलोच्या मोहरीलाही असते. जबडा आक्रसला, पण दात त्या प्रमाणात आक्रसले नाहीत. त्यामुळे छोट्या जातींत दात एकमेकांना खेटून, कधी तिरके फिरून उभे असतात आणि त्यांच्या फटींत अन्न व जंतूंचा चिकट थर साचतो. कुत्र्याची लाळ अल्कधर्मी असल्यामुळे त्यांच्या दातांना कीड क्वचित लागते, मात्र त्याच कारणाने तो थर क्षार धरून लवकर दगडासारखा होतो आणि त्याला दोन-तीन दिवस पुरतात. रविवार ते रविवार या अंतराला अर्थ का नाही, ते यावरून ध्यानात येईल. ब्रश मऊ थर काढू शकतो. एकदा किटण झाले, की ते ब्रशच्या हाताबाहेर गेले.

खरा रोग त्या दिसणाऱ्या किटणात नसून हिरडीच्या खाली असतो. हिरडी लाल होऊन सुजणे एवढ्यावरच तो असेल, तर तो पूर्ण मागे फिरवता येतो; पण दाताला धरून ठेवणारे हाड एकदा झिजले, की ते परत येत नाही. छोट्या कुत्र्यांत हे हाड मुळात पातळ आणि मुळे मात्र त्या मानाने लांब असल्यामुळे रोग फार पुढे गेला, तर सोफ्यावरून मारलेल्या उडीनेही खालचा जबडा मोडू शकतो. भूल न देता दात खरवडणे याचसाठी निरुपयोगी आहे. जागा कुत्रा हिरडीखाली हत्यार घालू देत नाही, एक्स-रे काढू देत नाही. दर्शनी भाग पांढरा होतो, आत रोग चालू राहतो आणि मालकाची मात्र खात्री पटते, की सर्व ठीक आहे. शिवाय खरवडल्यानंतर दात गुळगुळीत केला नाही, तर त्या ओरखड्यांत पुढचा थर अधिक घट्ट बसतो. ठमीच्या बाबतीत हेच घडले असणार. डोळ्याखालची सूज आणि वरची मोठी दाढ यांचा संबंध इतका नेहमीचा आहे, की तशी सूज औषधाने उतरली, तरी तोंडाचा एक्स-रे निघेपर्यंत मी ती बरी झाली असे मानत नाही.

आता एकेकाकडे येतो. मोहरीचे वरचे दुधाचे सुळे आपोआप पडण्याची वाट पाहू नका. एकाच जागी दुधाचा आणि कायमचा असे दोन दात एकाच वेळी असू नयेत, हा साधा नियम आहे. सातव्या महिन्यात कायमचा सुळा बराच वर आलेला असतो, दोघांच्या मधल्या फटीत केस आणि अन्न अडकते आणि कायमचा दात वाकडा येतो. तिची नसबंदी करणार असाल, तर त्याच भुलीत ते काढून घ्या. घरी हलवून पाडण्याचा प्रयत्न मात्र करू नका. दुधाच्या सुळ्याचे मूळ दिसणाऱ्या भागाहून बरेच लांब आणि नाजूक असते, ते आत मोडून राहते.

चिंगीचे दात मोजा. शिह त्झू, पग यांसारख्या चपट्या नाकाच्या जातींत खालच्या सुळ्यामागचा पहिला छोटा दात हिरडीतच अडकून राहण्याचा प्रकार आढळतो आणि त्याभोवती हळूहळू द्रवाची पिशवी धरून ती जबड्याचे हाड खात जाते. तिथे दात दिसत नसेल, तर ‘आलाच नसेल’ असे म्हणून सोडू नये. एक्स-रेने शंका फिटते.

गोट्याविषयी मला सर्वांत अधिक काळजी वाटते. डॅशंडच्या वरच्या सुळ्याच्या आतल्या, म्हणजे टाळूकडच्या बाजूला खोल खळगा पडण्याची प्रवृत्ती असते. बाहेरून सुळा देखणा दिसतो आणि आतून तो नाकापर्यंत पोखरलेला असतो. तो पाणी प्यायल्यावर शिंकतो का, एकाच नाकपुडीतून स्राव येतो का, याकडे लक्ष द्या. मर्मरचे म्हणाल, तर उतारवयातील छोट्या कुत्र्यांत हृदयाची डावीकडची झडप गळू लागणे हे वारंवार दिसते आणि नुसत्या मर्मरवरून भूल नाकारणे जितके चूक, तितकेच काहीच न तपासता भूल देणेही चूक आहे. आधी हृदयाची सोनोग्राफी आणि छातीचा एक्स-रे करावा, रक्ततपासणीत मूत्रपिंड व यकृत पाहावे आणि मग निर्णय घ्यावा. ज्या ठिकाणी कराल, तिथे चार गोष्टी निःसंकोच विचारा: श्वासनलिकेत नळी घालून भूल देता का, भुलीच्या काळात रक्तदाब व ऑक्सिजन मोजत बसणारी वेगळी व्यक्ती असते का, अंग गरम ठेवण्याची सोय काय आहे आणि दातांचा एक्स-रे काढता का. नळी महत्त्वाची, कारण दात धुताना उडणारे पाणी आणि किटण तिच्यामुळे फुप्फुसात उतरत नाही. अंग गरम ठेवणे महत्त्वाचे, कारण एवढ्याशा जिवाचे तापमान पाहता पाहता घसरते.

चौघांचे एकाच दिवशी करून घेऊ नका. दात काढलेल्या कुत्र्याला साधारण दोन आठवडे मऊ अन्न द्यावे लागते आणि ओढाताणीचे खेळ बंद ठेवावे लागतात. घरात बाकीचे तिघे दोरी घेऊन समोर नाचत असताना टाक्यांची काय गत होते, हे मी पाहिले आहे.


मळेवाला, सांगली :

सर्वांचा मान राखून एक शंका विचारतो. आमच्या मळ्यावर पिढ्यान्‌पिढ्या कुत्री आहेत. त्यांना कधी कोणी ब्रश लावला नाही. ती हाडे चघळतात आणि त्यांचे दात म्हातारपणापर्यंत पांढरे राहतात. मग हाड देऊन हा सगळा खटाटोप वाचवता येणार नाही का? मलाही आता मुलीच्या हट्टापायी दोन पॉमेरेनियन सांभाळावी लागत आहेत, म्हणून विचारतो.


जनावरांचा डॉक्टर, सातारा :

शंका रास्त आहे. मळ्यावरच्या कुत्र्याचे तोंड लांब, दात सुटे आणि जबडा दणकट असतो. तुमच्या पॉमेरेनियनला यांतले काहीच लाभलेले नाही. शिवाय म्हातारपणी ओठ उचलून मागची दाढ कोणी पाहिली असेल, तर तिचा एखादा पापुद्रा उडालेला हमखास सापडला असता. मटणाचे हाड, शिंग, खूर आणि हल्ली मिळणारे याकच्या दुधाचे वाळवलेले चीज या सगळ्यांनी नेमकी तीच वरची मोठी दाढ फुटते. सोपी कसोटी अशी, की वस्तूवर अंगठ्याचे नख रोवून पाहावे. खूण उमटली नाही, तर ती वस्तू दाताला कठीण आहे. नेहमीच्या कोरड्या दाण्यांनी दात स्वच्छ होतात, हाही एक गोड गैरसमज आहे. दात टेकताच तो दाणा फुटतो, घासतो कुठे? दातांसाठी खास बनवलेले दाणे मोठे आणि तंतुमय असतात, त्यांत दात रुतत जातो.

चघळायच्या कांड्या, पाण्यात घालायचे द्रव वगैरे घेताना वेष्टनावर व्हेटरनरी ओरल हेल्थ कौन्सिलची मोहर आहे का, हे पाहावे. ही संस्था उत्पादकांनी सादर केलेल्या चाचण्या तपासून मग मान्यता देते. मोहर नाही म्हणजे वस्तू वाईटच असे नव्हे, परंतु मोहर आहे म्हणजे निदान परीक्षा झालेली आहे.


पाचामुखी, नाशिक :

कांड्यांच्या भांडणांवर लिहायचे राहिले होते. आमच्याकडे कांडी म्हणजे एकांतात खायची वस्तू आहे. एक स्वयंपाकघरात, एक न्हाणीघरात, एक गॅलरीत, दोघे आपापल्या पिंजऱ्यात, आणि सर्वांचे संपल्यावरच दारे उघडतात. उरलेले तुकडे मोजून उचलतो. शेजारी दुसरा असला, की छोटा कुत्रा चावत नाही, गिळतो. मग दाताला लाभ शून्य आणि घशात अडकण्याचा धोका मात्र पुरेपूर. कांडी वजनाप्रमाणे घ्यावी आणि ती जेवणातून वजा करावी. ३ किलोच्या कुत्र्याला दिवसाला सुमारे २०० ते २५० कॅलरी लागतात. त्यात मधल्या आकाराची एक कांडी म्हणजे आपण जेवणानंतर आणखी एक ताट वाढून घेण्यासारखे आहे.


चौकडी, पुणे :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर द्यायला पाच आठवडे लागले, पण हात रिकामे नव्हते.

फ्रिजवर चार रकान्यांचा कागद लागला आहे. पहिल्याच दिवशी एकेकाला खोलीत नेऊन वास घेतला, तेव्हा ठमीचे दात निघून गेल्यानंतरही घरात जो वास उरला होता, तो गोट्याचा निघाला. डॉक्टरसाहेबांनी विचारल्याप्रमाणे पाळत ठेवली. तो पाणी पितो आणि मग दोन-तीनदा शिंकतो. गेली दोन वर्षे आम्ही त्याला त्याची लकब समजत होतो आणि त्यावरून त्याची नक्कलही करत होतो. सोनोग्राफीत झडप गळते आहे, मात्र हृदयाचा आकार वाढलेला नाही, म्हणून भूल देण्यास संमती मिळाली आहे. पुढच्या गुरुवारी डावा वरचा सुळा निघेल आणि टाळूकडचे भोक शिवले जाईल. ते चारही प्रश्न विचारले. पहिल्या दवाखान्यात दातांच्या एक्स-रेची सोय नव्हती, हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले आणि दुसरीकडे पाठवले.

मोहरीचे दुधाचे सुळे नसबंदीच्या वेळीच काढले. डॉक्टरांनी ते बाटलीत घालून दिले. तांदळाच्या दाण्याएवढा दात आणि त्याच्या दुपटीहून लांब मूळ. चिंगीचा खालचा डावा छोटा दात दिसत नाही, तिच्या एक्स-रेची पाळी गोट्याचे दोन आठवडे संपल्यावर येईल.

दात घासण्याचा क्रम ठमी, मोहरी, गोट्या, चिंगी असा बसला आहे. ठमीच्या टाक्यांची बाजू सुरुवातीला वगळत होतो, आता तिथेही हलक्या हाताने ब्रश फिरतो. चौघांना मिळून साडेचार मिनिटे लागतात. गोट्याला तेवढे अजून फक्त मलमलचे फडके चालते, आणि गुरुवारपर्यंत त्याच्या डाव्या बाजूला हात लावायचा नाही, असे सांगितले आहे.